आठातले चार

सेम्बावांग,
सिंगापूर, ५ जानेवारी २०२५

चि. मुकुल यास,

आजीचा जय भीम घे. गाल ओढायला मी तिथे नाही, तेव्हा तेवढं स्वतःचं स्वतः करून घे.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मध्येच चित्रासारखा थिजतोस, तोंड उघडंच राहतं, आणि त्या उघड्या तोंडातून "हो आजी, ठीक आहे आजी" एवढंच ऐकू येतं. कागद थिजत नाही. मी बोलतेय, लिहितेय तुझी स्नेहलमामी. शाळेशी माझा संबंध आला तो शाळेच्या मागच्या भिंतीवर गोवऱ्या थापण्यापुरता. तेव्हा यातलं अक्षर चांगलं वाटलं तर ते मामीचं, बोलणं चांगलं वाटलं तर ते माझं. तिला बजावलंय, मी जे बोलेन तेच लिहायचं. (लिहितेय. – स्नेहल)

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी तू तुझ्या रत्नदीपमामाला फोनवर सांगत होतास आणि मी सोफ्यावर झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते. तू म्हणालास, "माझ्या पिकअपचे आठातले चार सिलिंडर आपोआप बंद होतात, मी ते बंद होणंच बंद करून टाकणार आहे." मामा म्हणाला, "वॉरंटी जाईल." मग तुम्ही दोघे इंग्रजीत शिरलात.

आठवडाभर माझ्या डोक्यात तेच. बाळा, इंजिनियर होऊन अमेरिकेत तू गॅसच्या टाक्या पोचवतोस का? लाजू नकोस. आमच्या ब्लॉकला सिलिंडर आणणारा अंकल सत्तरीचा आहे. ट्रॉलीवरून आणतो, जुनी टाकी काढतो, नवी लावतो, शेगडी पेटवून दाखवतो आणि हसून जातो. तुझ्या मामापेक्षा त्याला घरातलं जास्त कळतं. पण नोकरी गेली असेल तर सरळ सांग. तुझ्या आईला नागपूरला मी अवाक्षर बोलले नाही. आणि टाक्या गळत असतील तर पिकअप उन्हात उभी करू नकोस.

मी ठणठणीत. बसून खाते. (यावर मी काही लिहीत नाही. – स्नेहल)

तुझी,
सरलाआजी

*

लबक, टेक्सास,
२२ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

जय भीम. गाल ओढला.

तुझं पत्र मी पार्किंगमध्ये फोडलं आणि एकटाच इतका हसलो की शेजारच्या गाडीतली बाई काच वर करून बसली. आजी, नोकरी आहे. अजूनही पवनचक्क्याच दुरुस्त करतो. रोज दीडशे मैल जाऊन-येऊन, मागे हत्यारांचा ट्रेलर जोडून, म्हणून पिकअप.

हे सिलिंडर गॅसचे नाहीत. इंजिनाच्या पोटातली पोकळ नळकांडी. त्यांच्यात पेट्रोल पेटतं आणि त्या धक्क्यावर गाडी चालते. माझ्या गाडीला अशी आठ आहेत. आता इथले रस्ते म्हणजे सपाट, सरळ, कंटाळवाणे. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं, एवढ्याशा कामाला आठ कशाला? तो चार झोपवतो. पेट्रोल वाचतं. चढ आला, ओझं आलं, की चौघांना उठवतो. मला कळतं ते फक्त आवाजावरून. गाडी एकदम घशातल्या घशात बोलायला लागते.

(दुसरा कागद)

आता मी का वैतागलोय ते. नळकांड्यांना झडपा असतात आणि त्या उचलायला बोटाएवढे तुकडे असतात. लिफ्टर म्हणतात. जी चार झोपवतात त्यांच्या लिफ्टरची पकड सोडायची, परत धरायची, परत सोडायची. हे दिवसातून शेकडो वेळा. मग एक दिवस असा येतो की सोडलेला लिफ्टर पुन्हा पकड घेतच नाही. वरून हुकूम येतो, ऊठ, आणि तो तसाच पडून राहतो. गंमत बघ आजी, ज्यांना आराम दिला तेच आधी जातात. सतत राबणारे चार ठणठणीत असतात.

इथला म्हातारा मेकॅनिक म्हणतो, "आराम देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण लिफ्टरला ते कोण सांगणार?"

यावर एक छोटा प्लग मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की कॉम्प्युटरला चौघांना झोपवता येत नाही, आठही सतत जागी. पेट्रोल थोडं जास्त जातं. कंपनीला आवडत नाही, मामा वॉरंटीचं म्हणतो. माझं अजून ठरत नाहीये.

तू काय म्हणतेस?

तुझा,
मुकुल

*

सेम्बावांग,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मुकुल,

जय भीम. तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. नळकांडी समजली. तुझी नोकरी आहे हे ऐकून बरं वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं, कारण गॅसवाला नातू म्हणून मी ब्लॉकमध्ये तुझी ओळख करून देणार होते.

एक विचारायचंय. पाकिटातून दोन कागद निघाले. पहिला वाचून होईपर्यंत माझा चहा गार झाला. दुसरा दोन घोटांत संपला. मी म्हटलं, यात काय होतं? मामी म्हणाली, "तांत्रिक आहे, आई." असेल. लिही स्नेहल, तांत्रिक. (लिहिलं. – स्नेहल)

पण शेवटी तू विचारलंस, "तू काय म्हणतेस?" मला प्रश्न ऐकू आला, कशाबद्दल तो आलाच नाही. तेव्हा तूर्त मी एवढंच म्हणते, की जेवत जा.

इकडे तेरा एप्रिलची तयारी सुरू झाली. बाबासाहेबांची जयंती यंदा सोमवारी येते, म्हणून आदल्या रविवारीच आपल्या मंडळींना घरी जेवायला बोलावलंय. सालाबादप्रमाणे पंचवीस माणसं. पिठलं, ठेचा, वांगं घरीच. भाकऱ्या यंदा बाहेरून मागवायच्या ठरल्यात. मी ठरवल्या नाहीत. ठरल्यात. (आई, पुरे. – स्नेहल)

पुरे म्हणतेय.

तुझी,
आजी

*

सेम्बावांग,
११ फेब्रुवारी २०२५

चि. मुकुल,

अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस. मामी धडधाकट आहे, तांजोंग पगारला ऑफिसात आहे. मी आमच्याच ब्लॉकमध्ये, खाली चौथ्या मजल्यावर शैलाकडे बसलेय. शैला पुण्याची, शाळेत बाई होती. माझ्या प्रत्येक वाक्याला "असंच लिहू का?" विचारते. असंच लिही ग.

तुझा दुसरा कागद मी कमरेला खोचून आणला. शैलाने सावकाश वाचला. मग मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचला.

आता मी सांगते. नोव्हेंबरात मी मासळीबाजारात घसरले. ओल्या फरशीवर, हातात सुरमई घेऊन. सुरमईला काही झालं नाही. माझं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डिसेंबरअखेर निघालं. तुला सांगायचं नाही असं मीच सगळ्यांना दटावलं होतं, कारण तू ऐकलं की तुझी आई ऐकते, आणि तुझ्या आईने ऐकलं की सगळं नागपूर ऐकतं.

प्लास्टर निघाल्यापासून मला कशाला हात लावू देत नाहीत. परात कपाटाच्या वर चढवली. भाजी चिरलेली येते. कपडे घडी घालून येतात. सून प्रेमाने करते, म्हणून भांडताही येत नाही. आणि बोटं काठीसारखी होत चाललीत. मूठ मिटत नाही, तळवा वर वळत नाही.

इस्पितळात एक व्यायाम शिकवणारी मुलगी आहे. ती मामीशी इंग्रजीत भरभरून बोलते, हात पिळून दाखवते, वळवून दाखवते. मग मामी मला मराठीत सांगते, "आई, आराम करा." इतकं लांब इंग्रजी आणि इतकं आखूड मराठी! तिने दिलेला चित्रांचा कागद मी मामीच्या कप्प्यातून काढला आणि आज तोही शैलाकडून वाचून घेतला. त्यात लिहिलंय, ओलं फडकं पिळा, पीठ मळा, तळवा वर-खाली वळवा. दिवसातून तीनदा. आराम हा शब्द त्यात कुठेच नाही. शैलाने दोनदा शोधला.

मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण वर जाताना जिना चढेस्तोवर राग संपेल. लिफ्टने गेले तर सरायचा नाही.

मुकुल, पंचवीस भाकऱ्या ही मोठी गोष्ट नाही, विकत मिळतात. पण यंदा त्या माझ्या हातच्या झाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी कुणी विचारायचंही नाही. लोक म्हणतील, आजींचं वय झालं. मग मी त्या घरात पाहुणी. चांगली वागवलेली, पण पाहुणी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: लाव तो प्लग.

आणि आता माझा प्रश्न. "एक दिवस असा येतो" असं तू लिहिलंस. तो दिवस आल्याशिवाय कुणी एवढं अख्खं पान लिहीत नाही. खरं सांग, कुठे अडली होती गाडी?

उत्तर शैलाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
आजी

*

लबक,
२७ फेब्रुवारी २०२५

आजी,

शैलाकाकूंना नमस्कार. काकू, सगळं वाचा, काही गाळू नका.

पहिलं म्हणजे, हात मोडल्याचं तू माझ्यापासून लपवलंस म्हणून मला रागवायचं होतं. पण मीही तेच केलं, तेव्हा कोणत्या तोंडाने?

डिसेंबरात झालं. ट्रेलर जोडून हायवेवर चढत होतो. मागून एक अजस्र ट्रक येत होता. मी पाय दाबला, गाडीने आठांना हाक मारली असणार, पण एक लिफ्टर उठलाच नाही. इंजिन थरथरलं, वेग वाढेना. ट्रक भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की माझी गाडी वाऱ्याने हलली. मी कडेला थांबून अर्धा तास नुसता बसलो. आईला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो. पण तू अनपढ असून माझं पान वाचलंस, आणि मामीला वाचता येऊनही...

जाऊ दे. तिचं मी तुझ्यासमोर काही बोलणार नाही.

तो लिफ्टर बदलावा लागला. आणखी एक झिजलाय, थंड इंजिनात टिकटिक करतो. प्लग लावलाय. मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं की जे झिजलं ते प्लगने भरून येत नाही. पुढची झीज फक्त थांबते. आणि एकदम शर्यत लावायची नाही, रोज थोडं ओझं, रोज थोडा चढ. तूही तसंच कर. पहिल्याच दिवशी पंचवीस नकोत.

कंपनीच्या सर्व्हिसला जाताना प्लग उपटून खिशात टाकायचा. कुणाला कळत नाही. पण आजी, मामीला सांग. तिचा काही तरी विचार असेल.

मुकुल

*

सेम्बावांग,
१४ मार्च २०२५

चि. मुकुल,

तुझा सल्ला मी पूर्ण ऐकला आणि त्यातला सोयीचा अर्धा घेतला.

मीही प्लग लावलाय. साडेनऊला मामी ऑफिसला जायला MRTची गाडी पकडते. पावणेदहाला मी शैलाच्या स्वयंपाकघरात. आधी गरम पाण्यात हात, मग फडकं पिळायचं. पहिल्या दिवशी फडक्यातून तीन थेंब निघाले आणि माझ्या डोळ्यांतून जास्त. आता वाटीभर निघतं. मग ज्वारीचं पीठ मळायचं. चार वाजता प्लग काढायचा, म्हणजे हात धुवायचे, नखं तपासायची, वर जायचं आणि सोफ्यावर पाहुणीसारखं बसायचं. मामी सहाला येते, विचारते, "आई, आराम केलात ना?" मी म्हणते, "फार."

भाकरी थापता येते. उजवा हात थापतो, डावा फिरवतो, जरा कुरकुरत फिरवतो. अडतं ते पुढे. थापलेली भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकायची तर डावा तळवा आभाळाकडे वळायला हवा. तो अर्ध्यातच थांबतो. भाकरी परातीत पडून माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग शैला उचलते. तिच्या घरी पोळ्यांचं राज्य. भाकरी अशी उचलते, जसं झोपलेलं बाळ पाहुण्यांच्या हातात द्यायचंय. निम्म्या मोडतात. मोडक्या भाकऱ्या तिचा नवरा दह्यात कुस्करून खातो आणि म्हणतो, "आजी, हा व्यायाम वर्षभर चालू द्या."

महिना उरलाय. तळवा रोज गव्हाएवढा पुढे सरकतो. मी मोजत नाही, पण डोळ्याला कळतं.

मामीला सांगेन. तेरा तारखेला, ताट वाढून.

तुझी,
आजी

*

सेम्बावांग,
२३ मार्च २०२५

प्रिय मुकुल,

हे पत्र मी माझं लिहितेय, आईंनी सांगितलेलं नाही.

काल शनिवार. मी घरी होते, तरी आई "शैलाकडे जरा बसते" म्हणून गेल्या. परत आल्या तेव्हा कानामागे पांढरं दिसलं. मी विचारलं, "काय लागलंय?" त्या म्हणाल्या, "पावडर." मी बोट लावून वास घेतला. म्हटलं, "ज्वारीची पावडर नवीन आली का बाजारात?" त्या हसल्या, मला हसू आलं नाही. मग त्यांनी सगळंच सांगितलं. शैलाताईंचं, तुझ्या पत्रांचं, चित्रांच्या कागदाचं. मी दुसरा कागद गाळला होता हे त्यांना महिनाभर माहीत होतं, आणि या महिनाभरात त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट ऑफिसातून आले की पाणी आणून द्यायच्या. उजव्या हाताने.

मुकुल, मी तो कागद का गाळला ते तुला सांगते. "आराम देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो" इथपर्यंत आधी मनात वाचलं आणि पुढचं मोठ्याने वाचवेना. म्हणून शेवटच्या ओळीवर उडी मारली.

जालन्याला माझ्या आईचंही मनगट असंच मोडलं होतं. बरं झालं म्हणून तिने लगेच स्वयंपाक हातात घेतला. एके दिवशी तापलेला तवा उचलताना हातातून सुटला, ती मागे सरली आणि पडली ती डोक्यावर. मी इथे होते. विमान मिळून पोचेपर्यंत घरात फक्त तिची चप्पल उरली होती. तेव्हापासून म्हाताऱ्या बाईच्या हातात तवा बघितला की तो काढून घ्यायला माझा हात आपोआप पुढे होतो. व्यायाम शिकवणारी ती मुलगी मला म्हणाली होती, "Auntie must use the hand lah, otherwise it will lock." मी आईंना त्यातलं अर्धंसुद्धा सांगितलं नाही. खोटं बोलले नाही असं मी स्वतःला समजावत होते. कमी बोलले, एवढंच.

रात्रीपासून आम्ही जेवणापुरतं बोलतोय. रत्नदीप दोघींच्या मध्ये मीठ सरकवायचं काम करतो.

तुला एकच विचारते. तो प्लग लावल्यावर तुला भीती वाटत नाही का?

तुझी,
स्नेहलमामी

*

लबक,
६ एप्रिल २०२५

मामी,

तुमचं पत्र काल मिळालं. पोस्टाने उत्तर तेरा तारखेआधी पोचणार नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

वाटते. रोज वाटते. सुरुवातीचे दोन आठवडे मी गाणी बंद ठेवून गाडी चालवली, नुसतं इंजिन ऐकत. हायवेवर चढताना पाय आपोआप मागे यायचा. मेकॅनिकला सांगितलं तर तो म्हणाला, "ऐकत जा, ऐकायलाच हवं. पण पाय काढू नकोस. मध्येच पाय काढलास तर मागचा ट्रक तुझ्यावर येईल."

झिजलेला लिफ्टर अजून टिकटिक करतो. तरी गाडी चढ चढते.

तुमच्या आईंचं मला माहीत नव्हतं. आजीलाही नसेल. हे तिला वाचून दाखवायचं की नाही, ते तुमच्यावर सोडतो. पण दाखवलंत, तर सगळं दाखवा.

मुकुल

*

सेम्बावांग,
१४ एप्रिल २०२५

चि. मुकुल यास,

जयंतीचा जय भीम. आज सोमवार, पण मामीने सुट्टी घेतलीय आणि लिहायला बसलीय. अक्षर आज थोडं वाकडं येईल, तिची बोटं भाजलीत. (दोनच. – स्नेहल)

तुझा कागद तिने मला वाचून दाखवला. पूर्ण. मध्ये दोनदा थांबली, मी वाट बघितली. मग तिच्या आईचंही सांगितलं. आठ वर्षं ती या घरात सून आहे, आणि तिची आई कशी गेली हे मला काल-परवा कळावं! मी तरी कधी नीट विचारलं होतं? माझं मनगट तेवढं मला महत्त्वाचं. मी म्हटलं, "स्नेहल, मी तव्याजवळ उभी राहीन तेव्हा तू माझ्याजवळ उभी राहा. पण बघायला. धरायला नाही."

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर परात खाली आलेली. ओट्यावर, घासून पुसून. आणि तुझा मामा बाहेरच्या भाकऱ्यांची ऑर्डर फोनवर रद्द करत होता, प्रत्येक वाक्याला "सॉरी सॉरी" म्हणत.

काल रविवारी असं ठरलं, आणि या वेळी मी ठरवलं. मी थापणार, मामी उचलणार. पहिली तिच्या हातात मोडली. दुसरी तव्याच्या काठावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर, बसच्या दारात लटकल्यासारखी. मी म्हटलं, "अगं, दोन्ही हात खालून सरकव. तू घाबरलीस की लगेच कळतं." ती म्हणाली, "भाकरीला?" मी म्हटलं, "तव्याला." ती हसली आणि तिसरी नीट पडली. बाहेर मंडळी येत होती, चपलांचा ढीग दाराबाहेर पार लिफ्टपर्यंत गेला. शैला डोकावून म्हणाली, "माझ्यापेक्षा कमी मोडल्या." एकूण चार मोडल्या. (पाच. – स्नेहल)

शेवटच्या भाकरीपुरतं पीठ उरलं. ते मी थापलं, जरा जास्तच वेळ थापलं. मामीने हात पुढे केले. मी म्हटलं, "मागे हो."

ती मागे झाली. हात पुढे येऊ नयेत म्हणून तिने ते काखेत दाबून धरले होते. मामा पाण्याचा जग घेऊन दारात उभा, जग कलता झाला तरी त्याला कळलं नाही. मी डावा तळवा भाकरीखाली घातला आणि वळवला. कळ खांद्यापर्यंत गेली. पण वळला. पूर्ण नाही, वळला तेवढा वळला. उचलली.

तव्यावर सरळ नाही पडली. एका बाजूने दुमडली, चंद्रकोरीसारखी. दुमडलेली बाजू भाजली जाईना, उघडी बाजू करपायला लागली. मी उलथन्याने काढून बाजूला ठेवली. मला वाटलं होतं, एक तरी चांगली येईल.

मामीने ती उचलली. बाहेर पंचवीस माणसं जेवायला बसलेली, आणि ही ओट्याशी उभी राहून, ठेच्याशिवाय, कोरडी भाकरी खायला लागली. डोळ्यांतून पाणी. धुरामुळे म्हणाली. आमच्या घरी धूर नसतो.

मी म्हटलं, "आतून कच्ची आहे ती. टाकून दे."

तोंडात घास होता, तो तिने आधी गिळला.

"ही राहू द्या," ती म्हणाली. "उद्या परत टाका, आई."

तुझी,
सरलाआजी